वेचणीच्या दिवसांतलं जहाज

यंदा दिवाळी सरली आणि आठवड्याभरात वलगावहून वहिनीचा फोन आला, "ताई, कापूस फुटला. येता का पहिल्या वेच्याले?" दरवर्षी हा फोन येतो आणि दरवर्षी मी अकोल्याहून सकाळची एसटी पकडते. माहेरी जायला मला एवढं निमित्त पुरतं. पण यंदा "कापूस फुटला" एवढं ऐकलं आणि हातातला चहाचा कप खाली ठेवावा लागला. गेल्या वर्षीची वेचणी अजून माझ्या अंगातून उतरलेली नाही. लोक सांगतात, झालं ते झालं, आता मनातून काढून टाका. सांगणाऱ्यांचं काय जातं? मला अजूनही मधेच कधीतरी, वर्गात फळ्यावर लिहिताना, ते आठवतं आणि खडू तसाच हातात राहतो.

तसे वेचणीचे दिवस मला लहानपणापासून फार आवडतात. सकाळी दव इतकं पडलेलं असतं की वावरात शिरताच साडी पोटरीपर्यंत भिजते. ओला कापूस वेचत नाहीत, म्हणून ऊन चढेपर्यंत साऱ्या बाया बांधावर बसतात. आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात. त्या धुऱ्यावर गावातल्या एकूण एक घराची खबर घेतली जाते, सुनांची जरा जास्तच. मधल्या ओळींत तूर पिवळ्या फुलांवर आलेली असते. मग कोणीतरी "चला व" म्हणतं, वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओट्या बांधल्या जातात आणि बोटं चालू लागतात. बोंडांची वाळलेली टोकं बोटांना ओरबाडत राहतात, आणि दुपारी भाकरीवरच्या ठेच्यात तीच बोटं बुडवली की डोळ्यांत पाणी येतं. सगळ्यांच्या केसांत कापूस अडकलेला असतो, त्यामुळे नव्या नवऱ्यासुद्धा घटकाभर म्हाताऱ्या दिसतात. आम्ही बहिणी यावरून एकमेकींना चिडवून बेजार करायचो.

आता या सगळ्यात जहाज कुठून आलं, असं कोणी विचारलं तर मी तरी काय सांगू? समुद्र आमच्यापासून रात्रभराच्या रेल्वेवर. मी शाळेत भूगोल शिकवते आणि समुद्र आयुष्यात दोनदाच पाहिलाय, तोही सहलीतल्या पोरांची डोकी मोजता मोजता. आमच्या घराण्यात कोणाला पोहता येत नाही. पेढी नदीला पूर आला की आमचे वडील काठावरूनच हात जोडून परत फिरायचे. अशा घरातला शुभम, दिलीपदादाचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा, अमरावतीत पॉलिटेक्निक करतो काय, पुढं कसलासा कोर्स करतो काय, आणि थेट मालवाहू जहाजाच्या इंजिनखान्यात जाऊन बसतो काय! त्यानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वहिनीनं एकच विचारलं होतं, "तिकडं भाकर भेटते का रे?"

त्या जहाजाचं नाव मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण आता त्याचं ते नाव राहिलेलं नाही. शुभम त्यावर चढला तेव्हा ते त्याचं तिसरं नाव होतं. जहाजांची सगळी कुंडली हल्ली इंटरनेटवर सापडते. मला तर तो नादच लागला. ते जपानच्या एका गोदीत बांधलेलं, शुभमपेक्षा वयानं थोडंसं लहान. पहिल्या मालकानं त्याला कुठल्याशा फुलाचं नाव दिलं. पुढं ते विकलं गेलं, रंग बदलला, नाव बदललं, झेंडा बदलला. त्यानं साखर वाहिली, लाकूड वाहिलं, एकदा आपल्या देशातून कापसाच्या गाठी घेऊन ते बांगलादेशाला गेलं. हे वाचून मी दादाला लगेच फोन केला होता, की अरे, त्यात आपल्या वावरातला कापूसही असेल एखादे वेळी. दादा किती हसला! शेवटी तर त्याच्यावर अशा देशाचा झेंडा आला ज्याला समुद्रकिनाराच नाही. म्हटलं, मग काय, वऱ्हाडाचाच झेंडा लावा की.

आणि मग तिकडं लढाई सुरू झाली. कोणाची कोणाशी, हे मी इथं लिहीत बसत नाही. रोज टीव्हीवर ओरडून सांगतात. तोपर्यंत साधं कामकरी असलेलं हे जहाज एकाएकी युद्धातलं जहाज झालं. त्याच्यावर एक तोफ चढली नाही की एक शिपाई चढला नाही. ते पूर्वीसारखंच गहू आणि खत वाहत होतं. फक्त ज्या पाण्यातून जायचं ते पाणी बदललं होतं.

गेल्या वर्षी पहिल्या वेच्याला मी गेले तेव्हा दादाच्या मोबाइलवर ते जहाज दिसत होतं. जहाजं कुठं आहेत ते दाखवणारं एक ॲप असतं, शुभमनंच जाताना घालून दिलेलं. निळ्या पाण्यावर हिरवा बाणासारखा ठिपका. वहिनीनं वावराच्या कोपऱ्यात दगड मांडून त्यावर दहीभात वाहिला, पहिल्या वेच्याची पूजा केली, आणि तिथंच दादानं मोबाइलही पूजेपुढं धरला. मीही हात जोडले. एरवी मी असल्या गोष्टींना हसणाऱ्यातली.

मग तो रोजचाच कार्यक्रम झाला. बाया वेचायला लागल्या की कुसुमकाकू पहिला प्रश्न टाकायची. कुसुमकाकू म्हणजे आमच्या शेजारची, सगळ्यांत जुनी वेचणारी, वहिनीच्या शेजारची ओळ कायम तिचीच.

"काय भाऊ, आज कुठी हाय जहाज?"

"चालून राह्यलं काकू."

"कोन्या गावाजोळ?"

"गाव नाई तिकडं. पानी हाय सारं."

"मंग मुक्कामाले कुठी थांबते?"

"थांबतच नाई."

"थांबतच नाई? बाप्पा! अन् पोट्टे झोपतात कवा?"

सगळ्या हसायच्या. वहिनीही हसायची, पण तिचे कान दादाच्या उत्तराकडे असायचे. ठिपका चालतोय म्हणजे पोरगं ठीक आहे, एवढा साधा हिशेब तिनं मांडला होता. मीही अकोल्यात मधल्या सुट्टीत तोच ठिपका उघडून बसायची.

एक दिवस मला त्या ठिपक्याखाली काहीतरी वेगळं दिसलं. तिथं एरवी पुढच्या बंदराचं नाव असतं. त्या दिवशी बंदराचं नाव नव्हतं. त्या जागी लिहिलं होतं, "खलाशी सगळे भारतीय." आधी मला अर्थच लागला नाही. मग लागला, आणि मी स्टाफरूममध्ये उभी राहिले. हे वाक्य त्यांनी कोणासाठी लिहिलं होतं? जे क्षेपणास्त्र सोडणार होते त्यांच्यासाठी. म्हणजे, बाबांनो, आमचं तुमच्याशी काही भांडण नाही, आम्ही दुसऱ्याच घरची माणसं आहोत, जाऊ द्या. एवढं मोठं लोखंडी जहाज हात जोडून चाललं होतं. मी वर्षानुवर्षं पोरांकडून सामुद्रधुन्या पाठ करून घेतल्या, नकाशात त्या अचूक दाखवल्या की गुण दिले. दोन जमिनींमधली बारीकशी निळी फट, पेन्सिलीच्या टोकानं दाखवायची. त्या फटीत माझं माणूस जाणार आहे, हे मला त्या क्षणापर्यंत खरं वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ठिपका गेला. युद्धाच्या पाण्यात जहाजं आपला ठावठिकाणा सांगणारं यंत्रच बंद ठेवतात, हे शुभमनं आधी सांगितलेलं होतं. सांगितलेलं असणं वेगळं आणि मोकळं निळं पाणी बघत बसणं वेगळं. दादा मोबाइल बंद करून चालू करायचा, उंच धरायचा, धुऱ्यावरच्या बाभळीखाली जाऊन उभा राहायचा, जणू आमच्या वावरातच रेंज कमी पडत होती. कुसुमकाकूनं विचारणं सोडलं. वेचणी चालू होती, ओट्या भरत होत्या, गाठोडी बांधली जात होती, घरातली पुढची खोली कापसानं भरत आली होती. त्या खोलीत आम्ही लहानपणी वरून उड्या मारायचो. त्या वर्षी मी दार उघडलं आणि ते एवढं पांढरं बघून तसंच लावून घेतलं.

बातमी टीव्हीच्या खालच्या पट्टीवर आली. मालवाहू जहाजावर हल्ला, एक खलाशी ठार, काही जखमी. पट्टी पुढं सरकली आणि क्रिकेटचा स्कोअर आला. दादानं मला फोन लावला. मी नुसतं "दादा, दादा" करत राहिले. पलीकडून फक्त टीव्हीचा आवाज येत होता. कंपनीच्या नंबरावर कोणी उचलेना. वहिनी म्हणे शांतपणे उठली, वावरात गेली आणि वेचायला लागली. तिला कोणी बोलवायला गेलं नाही. धक्का बसला की माणसं रडतात असं मला वाटायचं. तसं काही नसतं, निदान आमच्या घरात तरी नसतं.

शेवटी फोनवर शुभमचा आवाज आला तेव्हा तो आम्हाला ओळखूच आला नाही, इतका मोठ्यानं बोलत होता. त्याच्या डाव्या कानाला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून तो ओरडत होता. "मी हावो. मी हावो, बाबा." एवढंच पुन्हा पुन्हा. जो गेला तो त्याच्याच इंजिनखान्यातला बंगालचा तपन होता. वयानं मोठा, शुभम त्याला तपनदा म्हणायचा. त्याच्या हातची माशांची आमटी खायला वलगावचा हा शाकाहारी पोरगा शिकला होता, हे वहिनीला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

संक्रांतीच्या आसपास तो घरी आला. बारीक झालेला, मनगटावर भाजल्याची गुलाबी कातडी, कोणी डावीकडून बोललं की हसून मान हलवणारा. शेवटचा वेचा चालू होता. मी रविवारी गेले होते. वहिनीनं एव्हाना साऱ्या जगाला शिव्या घालून घेतल्या होत्या. कंपनीला, कप्तानाला, त्या दोन्ही देशांना, झेंडा देणाऱ्या तिसऱ्या देशालाही. वेचता वेचता तिचं तेच चालू होतं, "मुडदे मेले, माह्या पोराले मरनाच्या दारात ढकललं. इचारलं तरी का त्याहिनं?"

शुभम धुऱ्यावर बसला होता. तो म्हणाला, "इचारलं होतं, माय."

वहिनीचे हात थांबले.

"कप्तानानं सगळ्याले बोलावलं. म्हने ज्याले जायचं नाई त्यानं सांगावं, पुढच्या बंदरात उतरवून देतो, कोनी काही म्हननार नाई. तिघं उतरले."

"अन् तू?"

"म्या म्हटलं, येतो."

"काहून?" वहिनी हे इतक्या हळू म्हणाली की त्याला ऐकू आलं नसणार. पण प्रश्न त्याला दिसला असावा.

"माह्या पाळीचं काम कोनाच्या गळ्यात टाकू माय? तूच सांगतलं नं, पात अर्धी सोडून उठाचं नाई."

हे कळायला आमच्याकडची वेचणी माहीत हवी. वावरात प्रत्येकीला वेचायला एक ओळ मिळते, तिला पात म्हणतात. आपली पात धुऱ्याला लावल्याशिवाय कोणी उठत नाही. उठलीच, तर तिची राहिलेली पात शेजारणीला वेचावी लागते, आणि शेजारीण एका शब्दानं कुरकुर करत नाही. म्हणूनच उठायची लाज वाटते. शुभम आठवीत असताना क्रिकेटची मॅच बघायला अर्ध्या पातीतून पळून गेला होता. वहिनीनं त्याला भर मॅचमधून कान धरून परत आणलं आणि दिवेलागणीपर्यंत त्याच्याकडून ती पात पुरी करून घेतली. ही गोष्ट तिनं पुढं सगळ्या पाहुण्यांना कौतुकानं सांगितली. मीही माझ्या वर्गात कितीदा सांगितली असेल.

"ते कापसाचं होतं रे," वहिनी म्हणाली. "कापसाची गोष्ट होती ते. कापूस काही कोनाचा जीव घेत नाई."

शुभमनं धुऱ्यावरचं एक ढेकूळ उचलून हातात चुरलं.

"जे उतरले ते जित्ते हायेत नं? घरी हायेत नं आपापल्या?"

"हायेत."

"मंग?"

"मंग काय माय. त्याहिच्यातल्या एकाची पाळी तपनदानं घेतली होती. त्याच पाळीत गेला थो."

चूक कोणाची म्हणायची? वहिनीनं पोराला चांगलंच शिकवलं होतं. सगळ्या आया शिकवतात ते, कामचुकारपणा करू नको, आपलं ओझं दुसऱ्यावर टाकू नको. एवढं साधं, घरगुती शहाणपण तिकडं त्या फटीत जाऊन असं फुटतं, हे कोणाला ठाऊक? वहिनी त्यानंतर कंपनीला शिव्या द्यायची थांबली. ती शिव्या देत होती तेव्हाच बरी होती, असं मला कितीदा वाटून गेलं.

मधल्या काळात मी त्या जहाजाचा माग सोडला नाही. जहाजाचं नाव कितीही वेळा बदललं तरी त्याचा नंबर जन्मापासून मरेपर्यंत एकच असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तो नंबर टाकला आणि कुंडली वाचून सुन्न झाले. त्या दिवसाच्या पुढं फक्त एवढं होतं, "दुरुस्तीसाठी मुक्काम." तपनचं नाव नाही, स्फोट नाही, काही नाही. भोक बुजवलं, रंग दिला, विकलं, चौथं नाव दिलं. आणि पावसाळ्यात तो हिरवा ठिपका पुन्हा चालायला लागलेला दिसला. मी हे घरी कोणाला सांगितलं नाही. शुभमला माझ्या आधीपासून माहीत होतं, हे मला कालपरवा कळलं.

तर यंदा पहिल्या वेच्याला मी गेले. शुभम संक्रांतीपासून घरीच होता. नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात मशीन बघायला जात होता. वहिनीच्या चेहऱ्यावर थोडं मांस आलं होतं. पूजा झाली, दव सुकलं, बाया पातीला लागल्या. वहिनी मधल्या पातीत, शेजारी कुसुमकाकू, आणि शुभम सुट्टी म्हणून गाठोडी बांधायला आलेला. कुसुमकाकू त्याला लग्नावरून छेडत होती, "डाव्या कानानं ऐकू येत नाई म्हंजे बायको डावीकडं बसवजो बापू, सुखी राहशीन," आणि तो मोकळा हसत होता. किती दिवसांनी मी त्याला तसं हसताना पाहत होते.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं तो उजव्या कानाला लावला, आणि सवयीनं मोठ्यानं बोलला, त्यामुळे साऱ्या वावराला ऐकू गेलं. केरळचा जोसेफ होता, तपनसोबत काम केलेला, अजून त्याच जहाजावर असलेला. हिंदीतच बोलणं चाललं होतं. "कितने आदमी कम हैं? ... तू डबल ड्यूटी कर रहा है? कब से? ... हां. हां, बताता हूं." फोन खिशात ठेवून तो पुन्हा गाठोडं बांधायला लागला.

वहिनी पातीच्या बरोबर मध्यावर होती. तिनं मागं वळून त्याच्याकडं पाहिलं. मग कमरेची ओटी सोडली. आत वेचलेला सगळा कापूस मातीत पडला. आमच्याकडे कापूस मातीत पडला तर बाया पुंजका पुंजका उचलून फुंकर मारून घेतात, आणि वहिनीनं तो पायाखाली तसाच टाकला. ती ओळीतून बाहेर पडली आणि तुरी बाजूला सारत धुऱ्यावर येऊन उभी राहिली. सगळ्या बाया थांबल्या. तिला असं उठताना आमच्यापैकी कोणीच कधी पाहिलं नव्हतं, मी तर नाहीच नाही.

"हे पाय," ती ओरडली, त्याला ऐकू जावं म्हणून त्याच्यासारखीच मोठ्यानं. "सोडली म्या. अर्धी सोडली. आभाळ पडलं का? कोनी मेलं का? सोडता येते रे, शुभम. काही होत नाई. सोडता येते!"

मला वाटलं आता तो जवळ येईल, तिला धरेल, काहीतरी बोलेल. कुसुमकाकूनं तोंडातून शब्द न काढता आपली ओटी सावरली आणि ती वहिनीच्या पातीकडे सरकली. रीतच तशी आहे.

"राहू द्या काकू," शुभम म्हणाला.

तो पातीत गेला. खाली वाकून त्यानं मातीतला कापूस गोळा केला, एकेक पुंजका फुंकून घेतला, काडी-कचरा काढला. आईची ओटी झटकून कमरेला बांधली. आणि जिथं तिनं सोडलं होतं तिथून पुढं तो वेचायला लागला. भाजलेल्या मनगटाचा हात जरा हळू चालत होता, पण चालत होता. हळूहळू बाकीच्या बायाही आपापल्या पातीला लागल्या.

वहिनी धुऱ्यावर बसली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तरी तिची नजर त्याच्यावरून हलेना. तो धुऱ्याच्या जवळ जवळ येत होता. मग ती अगदी साध्या आवाजात, पाहुण्यांच्या गाडीची वेळ विचारावी तसं म्हणाली,

"ताई, तिकीट कवाचं काढलं त्यानं?"